थांबायचं वर्ष

मिन नदीच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता
दोनदा दरडीखाली जातो आणि तिसऱ्यांदा बोगद्यातून निघतो,
तिथे आमचं गाव.
तिरफळं लाल झाली की मी
चेंगदूच्या बुटांच्या कारखान्यातून दहा दिवस सुटते.
तिरफळाला काटे असतात. रजेलाही.
बोटं रात्रभर ठणकतात, जीभ मात्र
पहिल्याच दाण्याला बधिर होऊन
गावची होते.

आई वरची, कुरणांकडची, याकांच्या धुरकट तंबूतली.
ल्हाझोमक्यी हे नाव
इथल्या कचेरीत कुणालाच धड लिहिता आलं नाही,
तीन कागदांवर ती तीन बायका आहे.
तिच्याकडे पताका बांधतात: पाच रंग, मधे घोडा,
आणि वाचायचं काम वाऱ्याचं.
बाबांकडे छपराच्या कोपऱ्यावर पांढरा दगड ठेवतात.
दगड काही वाचत नाही. बसतो.
लहानपणी मला वाटे, देव दोन जातींचे,
उडणारे आणि बसणारे.
त्यांचं कधी वाजलं नाही.
आईबाबांचं वाजलं तेही लोण्यावरून,
चहात किती.

आजोबा शिबी. मेंढीच्या कातड्याचा डफ,
माकडाच्या कातड्याची टोपी, तंबाखूचा वास.
सांगायचे, आपलीही पोथी होती.
वाटेत डोळा लागला आणि मेंढीने खाल्ली.
मग तिचंच कातडं ताणलं,
थाप मारली की ओळी येतात.
सगळ्या?
मी विचारायची.
"तिला पचल्या नाहीत तेवढ्या."

मग तो मे महिना. मी सातवीत.
डोंगरानं अंग झाडलं, दुपारी, गणिताच्या तासाला.
त्याबद्दल मी एवढंच सांगते.
डफ सापडला तुळईखाली, फाटलेला.
मदतीच्या ट्रकमधून आलेल्या निळ्या प्लास्टिकच्या टबावर
आजोबांनी एकदा बोटं वाजवली,
कान देऊन बसले,
आणि टब आईला परत दिला,
कपडे भिजवायला.

बुरुजाचे वरचे तीन मजले गेले होते.
आठशे वर्षांचा, म्हणतात. कुणी मोजली?
यंदा तो पुन्हा चढतोय.
गवंडी लुंग शीबाओ आतून बांधतो,
ओळंबा नाही, दोरी नाही, नकाशा नाही,
एक डोळा मिटून दगडाकडे बघतो
जसं मुलगी बघायला आलेले बघतात.
"प्रत्येक दगडाला एक तोंड असतं.
ते बाहेर. पाठ मातीला."
मी दगड देते. तो परत करतो.
फिरवून देते. घेतो.

साहेब आला होता, फाईल घेऊन.
एक मजला झाला, आता पुढचा कधी?
पुढच्या वर्षी.
आणि मधे?
मधे थांबायचं.
मातीनं एक हिवाळा बघितला पाहिजे.
साहेबानं रकाना शोधला. थांबण्याला रकाना नव्हता,
त्यानं लिहिलं: काम सुरू.

मी रात्री मनात हिशेब केला,
कारखान्यात मिनिटाला किती टाके, तासाला किती तळवे,
आणि इथे पिवळ्या चिखलाला
आख्खं एक वर्ष पगारी रजा.
हसू आलं. मग जरा वेळ आलं नाही.

काल आई पताका घेऊन चढली बुरुजावर.
शीबाओ कुरकुरला, हा आमचा बुरुज,
इथे असलं काही नसतं.
आई बोलली नाही, खाली बसून शेंगा सोलत राहिली
तो घरी जाईपर्यंत.
आज सकाळी बघते तर
नव्या थरात दोन दगडांमधे
काठीपुरतं भोक.
कुणी ठेवलं, विचारलं नाही. तोही माझ्याकडे न बघता
म्हणाला, दगड कमी पडला.

उद्या पहाटेची बस.
पिशवीत पाच किलो तिरफळं, खोलीतल्या मुलींसाठी,
चावून हसतील, ओठ हरवल्यासारख्या.
बाबांनी खाली हाक मारली,
मडक्यात सातूची दारू, चार वेळूच्या नळ्या,
पाचवी आजोबांची, ती कुणी काढत नाही.

मी अजून वर आहे. तळहात भिंतीवर.
माती ओली लागते,
थंड,
अजून काहीच ठरवलेलं नसलेली.